कंपाला ते परळ : चकवणाऱ्या गाठींचा माग

मार्च १९८१ ते जानेवारी १९८२ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात चार तरुण पुरुषांना लिम्फोमा झाल्याचं निदान झालं. लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, आणि डॉक्टरांना तो चांगला परिचयाचा होता. एवढ्या मोठ्या वस्तीत चार रुग्ण म्हणजे काही आभाळ कोसळलं असंही नव्हतं. पण या चौघांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली जशा दिसत होत्या, तशा अमेरिकी डॉक्टरांनी मोठ्या माणसांत क्वचितच पाहिल्या होत्या. जॉन झीग्लर या कर्करोगतज्ज्ञाची नजर मात्र अशा गाठींना सरावलेली होती. त्याने त्या युगांडात पाहिल्या होत्या, लहान मुलांच्या जबड्यांत.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांना होणारे आक्रमक लिम्फोमा ओळखायला वैद्यकशास्त्र कसं शिकलं, त्याची हकिगत या योगायोगातून जाते. हे शिक्षण मोठ्या यंत्रांनी दिलं, असं आज वाटू शकतं. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर चाचण्यांनी एक उत्तर दिलं होतं, ते उत्तर चुकीचं किंवा अपुरं होतं, आणि कुणीतरी त्यावर समाधान न मानता गाठीचा आणखी एक काप मागितला होता.

हकिगतीची सुरुवात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात होते. १९५७ साली तिथले फिजिशियन ह्यू ट्रोवेल यांनी एका पाच वर्षांच्या मुलाला दाखवायला डेनिस बर्किट या आयरिश सर्जनला बोलावलं. मुलाचा जबडा वरून-खालून, डावीकडे-उजवीकडे, चारही बाजूंनी सुजला होता. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो एकाच वेळी चार ठिकाणी कसा होईल? काही आठवड्यांनी जिंजा गावच्या रुग्णालयात बर्किटला खिडकीतून एक मुलगी दिसली. तिचा चेहराही तसाच. त्याने तिला तपासलं तेव्हा पोटातही गाठी लागल्या. बर्किटला लहानपणीच्या अपघातात एक डोळा गमवावा लागला होता. ज्याला एकाच डोळ्याने दिसत होतं, त्याने खिडकीबाहेरची ती मुलगी नजरेआड होऊ दिली नाही, हे इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

मग त्याने मुलागोतली जुनी कागदपत्रं उपसली. जबड्याच्या गाठी दंतविभागात नोंदलेल्या, पोटाच्या गाठी दुसरीकडे, डोळ्यामागच्या तिसरीकडे. प्रत्येक विभागाने आपापल्या अवयवापुरतं पाहिलं होतं, आणि हा सगळा एकच रोग आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. १९५८ साली बर्किटने तो प्रसिद्ध केला, पण त्याला सार्कोमा समजून. हा लिम्फोमा आहे, हे मुलागोच्याच प्रयोगशाळेत ग्रेगरी ओकॉनर आणि जॅक डेव्हिस या पॅथॉलॉजिस्टांनी दाखवून दिलं. १९६१मध्ये बर्किट, टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे तिघे डॉक्टर एक जुनी फोर्ड गाडी घेऊन निघाले. दहा आठवडे, सुमारे १०,००० मैल. वाटेत लागेल त्या रुग्णालयात फोटो दाखवायचे आणि विचारायचं, असं मूल इथे कधी आलंय का? त्यातून नकाशा तयार झाला. उंचावरच्या थंड प्रदेशात हा रोग नव्हता. उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यात होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात बर्किटचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन हा संशोधक बसला होता. पाऊस आणि तापमानाशी नातं सांगणारा कर्करोग म्हणजे त्यामागे एखादा विषाणू असणार, असं त्याने तिथल्या तिथे ताडलं. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काही लागलं नाही. डिसेंबर १९६३मध्ये लंडनवर दाट धुकं असल्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावं लागलं, आणि नमुना पोचला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. जंतू शिरले समजून कुणीही ती बाटली ओतून दिली असती. एप्स्टाइनने त्यातला एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. त्यात जंतू नव्हते. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या पेशी इव्हॉन बार यांच्या मदतीने प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला. १९६४ साली एप्स्टाइन, बर्ट एचाँग आणि बार यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. एप्स्टाइन-बार विषाणू, म्हणजेच ईबीव्ही, हे नाव पुढच्या सगळ्या कथेत पुन्हा पुन्हा येतं.

बर्किट लिम्फोमा काचपट्टीवर कसा दिसतो, हे थोडं थांबून पाहायला हवं. मध्यम आकाराच्या, गडद निळ्या केंद्रकांच्या पेशी एकमेकींना खेटून दाटलेल्या असतात. त्यांच्या गर्दीत मधूनमधून फिकट, रिकाम्या वाटणाऱ्या जागा दिसतात. तिथे मेलेल्या कर्कपेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी बसलेल्या असतात. काळोख्या रात्री चांदण्या दिसाव्यात तसं हे चित्र दिसतं, आणि पॅथॉलॉजिस्टही त्याला 'ताऱ्यांचं आकाश' असंच म्हणतात. पेशी किती वेगाने वाढताहेत हे दाखवणारं केआय-६७ नावाचं रंजन केलं, तर जवळपास शंभर टक्के पेशी रंगतात. माणसाच्या शरीरात एवढ्या झपाट्याने वाढणारा दुसरा कर्करोग क्वचितच सापडेल. एक-दोन दिवसांत या पेशींची संख्या दुप्पट होऊ शकते. बायॉप्सीची तारीख दोन आठवडे पुढे ढकलली जाणं ही इतर काही आजारांत गैरसोय असते. इथे तेवढ्यात माणूस हातचा जाऊ शकतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेळेत ओळखला तर हा रोग औषधांना विलक्षण साथ देतो. कंपालात सायक्लोफॉस्फमाइडच्या एकेका मात्रेने मुलांच्या तोंडावरची सूज वितळून जाताना डॉक्टरांनी पाहिली होती.

ते पाहणाऱ्यांत झीग्लर होता. १९६७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्याला लिम्फोमा उपचार केंद्र उभारायला कंपालाला पाठवलं. त्याच केंद्रातून पुढे युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट वाढलं. इदी अमीनच्या राजवटीत, १९७२ साली, तो मायदेशी परतला. पुढे नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि आफ्रिकेतली ती गाठ अमेरिकी तरुणांच्या अंगात पाहून थबकला.

४ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिकात त्या चार रुग्णांची नोंद छापली. सप्टेंबरमध्ये झीग्लर आणि सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. एचआयव्हीचा शोध अजून लागायचा होता. तो पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये लागला. १९८४ साली झीग्लर यांच्या गटाने चार शहरांतल्या ९० रुग्णांची हकिगत मांडली. या लिम्फोमांचं वागणंच वेगळं होतं. मानेत किंवा काखेत गाठ येण्याची वाट न पाहता ते मेंदूत, अस्थिमज्जेत, आतड्यांत थेट उगवत होते. जून १९८५मध्ये एचआयव्हीची चाचणी सकारात्मक असलेल्या माणसातला बी-पेशींचा (हा लसिकापेशींचाच एक प्रकार) आक्रमक लिम्फोमा एड्सच्या व्याख्येतच सामील झाला.

व्याख्या झाली, पण निदान सोपं झालं नाही. त्या वर्षांत एड्सच्या रुग्णाची गाठ कापायला हात लावणारे सर्जन सहज मिळत नसत. रोगाच्या बातम्यांत रुग्णांच्या लैंगिकतेचीच चर्चा अधिक होती. मरण जवळ आलेल्या माणसाला आता बायॉप्सीचा त्रास कशाला, असंही म्हटलं जाई. त्या म्हणण्यात दया होती हे मान्य केलं, तरी त्यामुळे किती माणसं बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगाने गेली असतील, हा प्रश्न उरतोच.

मेंदूतल्या गाठीने तर डॉक्टरांना फार छळलं. स्कॅनवर कडेने चमकणारी वलयं दिसली, की ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असू शकतात किंवा लिम्फोमाची. दोन्हींचं चित्र जवळपास सारखं. मेंदूची बायॉप्सी टाळण्यासाठी एक रीत पडली. टॉक्सोप्लाझ्माची औषधं सुरू करायची, दोन आठवडे थांबायचं, वलयं आकसली नाहीत तर लिम्फोमाचा विचार करायचा. पुढे असं दिसून आलं, की एड्समधल्या या मेंदूच्या लिम्फोमात ईबीव्ही जवळजवळ नेहमी असतो. मग पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात ईबीव्हीचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी हाताशी आली. धुक्यातून लंडनला पोचलेल्या त्या बाटलीतल्या शोधाचा असा उपयोग तीस वर्षांनी झाला.

दरम्यान पॅथॉलॉजिस्टांच्या हाती नवं हत्यार आलं होतं. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच ठरावीक रेणूला चिकटणारी प्रतिद्रव्यं बनवण्याची पद्धत शोधली. तिच्या आधारे पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू ओळखून त्यांना क्रमांक मिळाले. गाठीच्या कापावर सीडी-२० शोधणारं प्रतिद्रव्य टाकायचं. पेशी तपकिरी झाल्या की बी-पेशींचा लिम्फोमा. १९९७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रिटुक्सिमॅब हे औषधही याच सीडी-२०वर नेम धरतं. निदान आणि उपचार दोन्ही एका खुंटीवर टांगले गेले. आणि एचआयव्हीसोबत येणारे सगळ्यांत दुर्मीळ, सगळ्यांत आक्रमक लिम्फोमा निघाले ते नेमके ही खुंटी नसलेले.

१९८९ साली न्यूयॉर्कमध्ये डॅनिएल नोल्स यांच्या गटाने एड्सच्या रुग्णांतल्या तीन गाठींचा अभ्यास मांडला. या पेशी कोणत्या कुळातल्या हे पृष्ठभागावरून कळेना. जनुकं तपासली तेव्हा त्या बी-पेशी निघाल्या. त्यानंतर असे रुग्ण लक्षात येऊ लागले, की ज्यांना गाठच नाही. छातीत, पोटात किंवा हृदयाभोवतीच्या आवरणात फक्त पाणी साठतं आणि त्या पाण्यात कर्कपेशी तरंगतात. डिसेंबर १९९४मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या कोलंबिया विद्यापीठातल्या दांपत्याने कापोसी सार्कोमा या एड्सच्या रुग्णांत दिसणाऱ्या कर्करोगात एक नवा हर्पिस विषाणू शोधून काढला. त्याला पुढे एचएचव्ही-८ म्हणू लागले. काही महिन्यांतच एथेल सेसरमन यांनी १९३ लिम्फोमांचे नमुने त्या विषाणूसाठी तपासले. तो आठांत सापडला. आठही रुग्ण एचआयव्हीबाधित, आठही लिम्फोमा शरीराच्या पोकळीतल्या पाण्यात वाढलेले, आणि उरलेल्या १८५ नमुन्यांपैकी एकातही तो नाही. इतका लख्ख निकाल वैद्यकात क्वचितच मिळतो. एक नवा रोग, प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा, त्याच्या कारणासकट हाती आला. आज पाण्यातल्या पेशींवर लाना-१ हे रंजन करतात आणि केंद्रकात ठिपके उमटले की विषाणूची खूण पटते. पण ते करावंसं वाटायला आधी कुणाच्या मनात शंका तर यायला हवी.

दुसरा चकवा तोंडातला. १९९७ साली आंरी-जाक डेलक्लूज, हाराल्ड श्टाइन आणि सहकाऱ्यांनी तोंडातल्या १६ लिम्फोमांचं वर्णन केलं. बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते. हिरडीवर किंवा टाळूवर मऊ, लालसर मांस वाढतं, दात हलू लागतात, आणि माणूस साहजिकच दातांच्या डॉक्टरकडे जातो. या प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमाच्या पेशी मोठ्या, ठसठशीत केंद्रबिंदूच्या असतात. सीडी-२० जवळजवळ नसतो. सगळ्याच पांढऱ्या पेशींची खूण असलेला सीडी-४५ही पुष्कळदा पुसट किंवा गायब. पहिली दोन-तीन रंजनं कोरी आली की अहवालात लिहिलं जातं 'अविभेदित कर्करोग', आणि रुग्ण भलत्याच उपचारांकडे वळतो. त्यापुढे जाऊन सीडी-१३८ पाहिला तर पेशी तपकिरी होतात, आणि ईबीव्हीचा आरएनए शोधणारी ईबर चाचणी केली तर पुष्कळदा केंद्रकं रंगतात. तेवढ्यावरही भागत नाही, कारण सीडी-१३८ मायलोमा या प्लाझ्मापेशींच्या कर्करोगातही असतो. रक्त, हाडं, मूत्रपिंड सगळं ताडून पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या रोगाला स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडलं.

भारतात ही हकिगत आली तेव्हा तिला आणखी एक पात्र भेटलं : टीबी.

१९८६ साली चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले गेले. ते शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले. पुढे सुनीतीताईंनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. मुंबई-पुण्यात नव्वदच्या दशकात रुग्ण वाढत गेले. १९९२मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, आणि १ एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे हे औषधोपचार, मोफत मिळू लागले. जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. माणसं जगू लागली. मेंदूतला लिम्फोमा, जो प्रतिकारशक्ती पार तळाला गेल्यावर होतो, तो एआरटीमुळे जगभरच कमी झाला. बर्किट लिम्फोमाचं तसं झालं नाही. तो सीडी-४ काउंट, म्हणजे प्रतिकारशक्तीचं माप, २००च्या वर असतानाही होतो. औषधं नियमित घेणाऱ्या, काउंट बरा असलेल्या माणसाच्या गाठीकडे म्हणूनच दुर्लक्ष होण्याची भीती जास्त.

आपल्याकडे मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटतं वजन म्हटलं की पहिलं नाव टीबीचं निघतं, आणि ते बहुतेकदा बरोबरच असतं. एचआयव्हीबाधितांत तर टीबी हा सगळ्यांत मोठा मारेकरी. अडचण पुढे सुरू होते. गाठीत सुई घालून पेशी काढल्या जातात, अहवाल संदिग्ध येतो, आणि तरीही टीबीची औषधं सुरू होतात. दीड-दोन महिन्यांनी गाठ वाढलेली असते. त्याचंही स्पष्टीकरण तयार असतं. एआरटीमुळे प्रतिकारशक्ती परतली, म्हणून टीबीची गाठ तात्पुरती सुजली. असं खरोखर होतंही. मग सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड दिलं जातं. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशीही मरतात. गाठ बसते, सगळ्यांना हायसं वाटतं. काही आठवड्यांत ती दुप्पट जोमाने परत येते, आणि मधल्या काळात बायॉप्सी केलीच तर तुकड्यात मेलेल्या पेशींचा चिखल सापडतो, ज्यावरून काहीच सांगता येत नाही. छातीतल्या पाण्याचंही तसंच. पाण्यात एडीए नावाचं विकर वाढलेलं दिसलं की टीबी समजण्याची वहिवाट आहे, पण लिम्फोमातही एडीए वाढतं. शिवाय टीबी सिद्ध झाला म्हणून लिम्फोमा नाही असं ठरत नाही. दोन्ही एकाच माणसात, कधी एकाच गाठीतही सापडतात.

म्हणून सुईवर न थांबता अख्खी गाठ काढून तपासायला पाठवा, असं पॅथॉलॉजिस्ट कळकळीने सांगत असतात. सुईने पेशी मिळतात, पण त्यांची मांडणी मोडते, आणि आठ-दहा रंजनं करायला पुरेसा माल उरत नाही. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती, आणि भारतीय पॅथॉलॉजीचा पाया घालण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आजही जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या नातेवाइकाला तिथे पहिला प्रश्न विचारतात, "स्लाइड-ब्लॉक आणलेत का?" ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, नखाएवढाच. पिशवीत, फाइलच्या आत जपून आणलेला तो तुकडा पुन्हा कापला जातो, पुन्हा रंगवला जातो, आणि गावाकडच्या अहवालातलं नाव बदलतं किंवा पक्कं होतं. हिरडीच्या गाठीवरून आधी प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा कळला आणि मग एचआयव्ही असल्याचं उघड झालं, असे रुग्ण मुंबईतल्या दंतवैद्यांनीही नोंदवले आहेत. कापोसी सार्कोमा आणि एचएचव्ही-८चे लिम्फोमा मात्र आपल्याकडे क्वचितच दिसतात, कारण तो विषाणूच भारतात फारसा पसरलेला नाही. क्वचित दिसतात, म्हणून क्वचितच आठवतात, ही त्यातली मेख.

आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी दुसरी अडचण होती. ब्लॉक बनवायला प्रयोगशाळाच नव्हत्या. मलावीची राजधानी लिलाँग्वे इथल्या कामुझू मध्यवर्ती रुग्णालयात पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा २०११ साली सुरू झाली. तिथले डॉक्टर आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदा इंटरनेटवरून एकत्र बसून काचपट्ट्या पाहू लागले. मोजकीच प्रतिद्रव्यं हाताशी असताना कोणतं आधी वापरायचं, यावर तिथे चर्चा होते. आणि सीडी-२० कोरा आला म्हणून फाइल मिटवली जात नाही.

महाराष्ट्रात लिम्फोमाचं निदान झाल्यावर एचआयव्हीची चाचणी करून घेणं मोठ्या कर्करोग केंद्रांत आता रुळलं आहे. उलट दिशेचा रस्ता अजून खडबडीत आहे. एआरटी सेंटरवरून गाठ काढण्यासाठी पाठवलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या यादीत शेवटचा नंबर मिळतो, तारीख पुढे जाते, कधी दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी हातात दिली जाते. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून देशभर लागू आहे. एचआयव्ही आहे एवढ्या कारणावरून उपचार नाकारणं किंवा रुग्णाला वेगळी वागणूक देणं या कायद्याने बेकायदा ठरवलं आहे, आणि तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक राज्याने लोकपाल नेमायचा आहे. मानेतली एक गाठ काढून फॉर्मलिनच्या बाटलीत घालणं ही छोटी शस्त्रक्रिया असते. ती वेळेत करून मिळणं हा त्या माणसाचा हक्क आहे.